क्लॅरेन्स टिपिंगचा सपाट रस्ता

क्लॅरेन्स टिपिंग आमच्या लोअर ब्रेटनच्या स्टेशनात सिग्नलच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं होता, आणि त्या एकतीस वर्षांत त्याने एकाही गाडीला उगाच थांबवलं नाही की उगाच सोडलं नाही. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात त्याची एक मोठी चूक आहे, आणि ती आधी ऐकली तर माणूस वेंधळा वाटेल. वेंधळा तो मुळीच नव्हता. सकाळचं अंडं तो रेल्वेच्या घड्याळावर उकडायचा. त्याच्या बागेत वाटाण्याच्या वेलांना लावलेल्या काठ्या तुम्ही टेपाने मोजल्या असत्या तरी बोटभर फरक सापडला नसता. मी मोजल्या आहेत. पैज होती, मी हरलो.

त्याची बायको हिल्डा मुरंब्याच्या कारखान्यात आलुबुखार निवडायची. जीभ तिखट, हसू मोठं. दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी दोघांनी एक टँडम घेतली, म्हणजे दोन माणसांची, एकामागे एक बसायची सायकल. जोडसायकलच म्हणू. क्लॅरेन्स पुढे, हिल्डा मागे, आणि नकाशा क्लॅरेन्सच्या पाठीवर, स्वेटरला चार पिनांनी टाचलेला. तो हँडल धरायचा, ती रस्ता सांगायची. दर ऑगस्टमध्ये आठ-नऊ दिवस अशी दोघं निघायची आणि भाजून, वाळून, भांडून, खूश होऊन परत यायची. आमच्या सायकल मंडळात त्या दोघांइतके मैल कोणाचेच झाले नव्हते. मी मंडळाचा चिटणीस, त्यामुळे वही माझ्याकडेच आहे.

मग हिल्डाच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. एका एप्रिलमध्ये तिला नकाशावरची गावांची नावं वाचता येईनात, आणि त्याच्या पुढच्या नाताळापर्यंत खिडकीतला उजेडही गेला. डॉक्टरांनी करायचं ते केलं. ती घरात भिंतीला हात न लावता चालायला शिकली, विणायला शिकली, केक तर पहिल्यापेक्षा चांगला करायला लागली. पण जोडसायकल कोळशाच्या खोपटात पोत्याखाली गेली ती दोन वर्षं तशीच राहिली.

१९६० च्या शरद ऋतूत ईव्हशॅमचे एक शाळामास्तर ती विकत मागायला आले. हिल्डा म्हणाली, "देऊन टाक. गंजण्यापेक्षा बरं." क्लॅरेन्स मास्तरांना म्हणाला, "फेब्रुवारीपर्यंत थांबा." आणि ते गेल्यावर हिल्डाला म्हणाला, "मी एक आखणी करतो. ती मंडळात वाचतो. तू ऐक. तुला पटली तर ऑगस्टमध्ये आपण जायचं. नाही पटली तर सायकल मास्तरांची."

"ऐकते की," हिल्डा म्हणाली. "कानांना काही झालेलं नाही."

इथे आमच्या मंडळाची रीत सांगायला हवी. ज्याला शंभर मैलांच्या वरचा दौरा करायचा असेल त्याने फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी गावच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत आपली आखणी सगळ्यांसमोर वाचायची, आणि बाकीच्यांनी तिच्या चिंध्या करायच्या. ही रीत पडली आमच्या होरेस डफिल्ड पाववाल्यामुळे. लढाईनंतर त्याने बापाच्या वेळच्या नकाशावर लिंकनशायरचा बेत आखला, कोणाला विचारलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी रस्ता संपून समोर तारेचं कुंपण आलं. मधल्या काळात तिथे विमानतळ झाला होता. होरेस मोठा हट्टी. नकाशावर रस्ता आहे म्हणजे आहे, असं म्हणून कुंपणावरून सायकल पलीकडे टाकली आणि धावपट्टीवरून चालवत निघाला. त्याला धरून नेलं, दोन तास बसवलं, चहा पाजला आणि ज्या बाजूने आला त्याच बाजूला सोडून दिलं. तेव्हापासून आखणी आधी वाचायची.

क्लॅरेन्सने ऑक्टोबरच्या मध्याला काम काढलं. जेवणाच्या टेबलावर नकाशाचे कापडी पाठीचे सहा ताव एकाला एक जोडून पसरले, आणि त्या दिवसापासून ती दोघं स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागली. आमच्या नकाशांवर चढ कसा दाखवतात ते सायकलवाल्यांना पाठ असतं: रस्त्यावर एक बाण म्हणजे छातीवर येणारा चढ, दोन बाण म्हणजे उतरून ढकला. क्लॅरेन्सने ठरवलं की या दौऱ्यात बाण नको. एकसुद्धा नको. दोन वर्षं घरात बसलेली बाई, डोळ्यांनी दिसत नाही, तिला धाप लागता कामा नये, धक्का बसता कामा नये, भीती वाटता कामा नये. म्हणून तो नकाशावर भिंग धरून रस्त्याला वळसे देत बसला. पूर्वेला स्ट्रॅटफर्डकडून निघायचं, टेकड्यांना वळसा घालून पीटरबरो गाठायचं, मग ती दलदल उपसून काढलेली केंब्रिजशायरची जमीन, जिथे कोबीच्या वाफ्यातून उभं राहिलं तर वीस मैलांवरचं देऊळ, म्हणजे चर्च, दिसतं, आणि शेवटी नॉरफोकचा समुद्र. जाऊन येऊन चारशे दहा मैल.

आणि नुसता सपाट रस्ता शोधून तो थांबला नाही. हिल्डाला दिसत नाही तर ऐकू येईल, वास येईल असा रस्ता हवा, असं त्याच्या मनाने घेतलं. प्रत्येक गावच्या देवळात घंटा वाजवणाऱ्यांचा सरावाचा वार ठरलेला असतो, कुठे मंगळवार, कुठे गुरुवार. क्लॅरेन्सने चौदा देवळांना पत्रं लिहून वार विचारले आणि मुक्काम असे बसवले की रोज संध्याकाळी घंटा ऐकू याव्यात. मग दारू गाळायचे कारखाने, मोहरीची गिरणी, डुकराचं मांस धुरी देणारा एक कसाई, सगळ्यांच्या वाऱ्याच्या दिशेसकट नोंदी केल्या. चौदापैकी अकरा देवळांची उत्तरं आली. एका पाद्रीबुवांनी तर विचारलं, की आपण घंटा विकत घेणार आहात काय.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो माझ्या दारात उभा. "एनोक, तू मागे बस. डोळे बांधून. मला बघायचंय, न दिसणाऱ्या माणसाला रस्ता कसा लागतो."

माझी बायको नेल हसून हसून खुर्चीत बसली. मग उठून तिनेच आपला लोकरीचा रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधला आणि वर गाठ मारताना म्हणाली, "याला परत नाही आणलंस तरी चालेल, क्लॅरेन्स. रुमाल तेवढा आण."

गावातून जाताना होरेस पाववाला दुकानातून ओरडला, "काय रे, म्हाताऱ्याला पळवून नेतोस होय? घरचे खंडणी देणार नाहीत हां!"

आम्ही नदीकाठच्या रस्त्याने सहा मैल गेलो. खरं सांगतो, पहिल्या मैलात गंमत वाटली. दुसऱ्यात पाय कपडे पिळायच्या यंत्रासारखे फिरत राहिले. तिसऱ्यात मी मनातल्या मनात आमच्या शाळेत पाठ करून घेतलेल्या राजांची नावं म्हणायला लागलो, आणि सातव्या राजावर मला डुलकी आली. क्लॅरेन्स पुढून सांगत होता, "डाव्या हाताला हंस आहेत, एनोक." असतील. मला काय त्यांचं! मग रस्ता एकदम वर उचलला गेला, मांड्यांवर ओझं आलं, मी जागा झालो, आणि पुढच्या क्षणी जमीन पायाखालून गेली, कानांत वारा घुसला, आणि मी मोठ्याने ओरडलो. रेल्वेवरचा उंचवट्याचा पूल होता तो. उणीपुरी साठ पावलं.

क्लॅरेन्सने लगेच ब्रेक दाबून सायकल थांबवली. "घाबरलास?"

आता बघा, मी घाबरलो नव्हतो. पासष्टाव्या वर्षी मला दहा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं होतं. पण मोठ्या माणसाने तसं कसं सांगायचं? मी म्हटलं, "हो, थोडा."

"आणि बाकीचा रस्ता?"

"छान. आरामाचा."

त्याने खिशातून वही काढली. पेन्सिलीचा आवाज आला, तेवढाच. नंतर मी ती ओळ पाहिली. 'उंचवट्याचे पूलही टाळणे.' ते पूल टाळण्यात त्याचे आणखी तीन आठवडे गेले. माझ्या एका शब्दामुळे.

फेब्रुवारीतला तो गुरुवार आला. बाहेर गोठलेलं होतं, आत सत्तावीस माणसं आणि चहाचं मोठं पिंप. हिल्डा पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसली. क्लॅरेन्सने रविवारचा कोट घातला होता. चाळीस मिनिटं तो वाचत होता: मैल, मुक्काम, वारा, घंटा, मोहरी. मी त्याच्याकडे कमी आणि हिल्डाच्या सुयांकडे जास्त बघत होतो. सुया चालू होत्या, एका लयीत, ना हळू ना जोरात.

वाचून झाल्यावर होरेसने पहिला हात वर केला. "पाव कुठे घेणार?" त्याला दुसरं काही सुचत नाही. मग कोणी पंक्चरचं विचारलं, कोणी पावसाचं. क्लॅरेन्सकडे सगळ्याची उत्तरं होती. खोली त्याच्या बाजूने झाली होती, माणसं मान डोलवत होती.

"माझा एक प्रश्न आहे," हिल्डा म्हणाली. सुया थांबल्या. "चढ किती आहेत?"

क्लॅरेन्सचा चेहरा उजळला. हाच प्रश्न त्याला हवा होता. "एकही नाही!" तो म्हणाला. "चारशे दहा मैलांत एक बाण नाही, हिल्डा. पूलसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, लाज वाटते सांगायला.

टाळ्या संपेपर्यंत हिल्डा थांबली. "मग मी येऊन काय करू?"

क्लॅरेन्स हातातला कागद उलटून बघायला लागला.

"अरे, सपाट रस्ता हा बघणाऱ्यांसाठी असतो," ती म्हणाली. "पाय फिरवायचे आणि इकडे तिकडे बघायचं. मी कुठे बघू? नऊ दिवस मी एका जागी बसून पाय हलवायचे आणि तू मला सांगायचंस, इथे गाय आहे, तिथे गाय आहे. आणि मध्येच मोहरीचा वास. मी काय कुत्री आहे, हुंगत हुंगत नॉरफोकला जायला?"

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"तुला त्रास होऊ नये म्हणून—" क्लॅरेन्सने सुरुवात केली.

"चढ हा मला पूर्ण कळतो, क्लॅरेन्स. दुसऱ्या कोणाला कळतो तितकाच. मांड्यांना कळतो, छातीला कळतो, पाठीच्या घामाला कळतो. आणि उतार तर तुझ्यापेक्षा मला जास्त कळायचा. बारा वर्षं मागे बसून मला तुझ्या पाठीशिवाय दिसलं काय? उतारावर मी डोळे मिटूनच घ्यायची. तुला सांगितलं नाही एवढंच."

"डोळे मिटून?" क्लॅरेन्स म्हणाला. "मग रस्ता कोण सांगत होतं?"

"उतारावर सांगायचं काय असतं? खाली जायचं!"

आता मात्र सगळी खोली उघड हसली. क्लॅरेन्स सोडून. मग हिल्डाने मान वळवली, अगदी माझ्या दिशेने. "एनोक पार्डो, तू मागे बसला होतास ना? खरं सांग. काय आवडलं?"

मी उभा राहिलो. टोपी हातात घेतली, शाळेत मास्तरांनी उठवलं तर घ्यायचो तशी. "पूल," मी म्हटलं.

"तू घाबरलो म्हणालास!" क्लॅरेन्सचा आवाज चिरकला.

"खोटं बोललो."

तो कागद गोळा करायला लागला. सहा ताव, अकरा पत्रं, दोन वह्या. "साडेतीन महिने लागले मला," तो कोणालाच न उद्देशून म्हणाला.

"माहीत आहे," हिल्डा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मऊ होता. "साडेतीन महिने मी उभ्याने जेवतेय. तू मला नेतोस म्हणून मी खूश होते, पण तू मला पार्सलसारखी नेतोयस. 'सांभाळा, काच आहे' असं लिहिलेलं. तशी मी येणार नाही. दोन गोष्टी कबूल कर, मग येते. एक, चढ हवेत. आणि दोन, मागच्या चाकाचा ब्रेक माझ्या हातात हवा."

दुसऱ्या गोष्टीने खोलीत कुजबुज झाली. जोडसायकलला दोन माणसांचं वजन असतं, उतारावर ती दगडासारखी सुटते, त्यामुळे पुढच्या-मागच्या नेहमीच्या ब्रेकांशिवाय मागच्या चाकाच्या आत एक जादा, दमदार ब्रेक असतो. काही जोड्यांमध्ये त्याची मूठ मागच्या माणसाकडे असते, चुकीचं काही नाही. पण टिपिंगांच्या सायकलवर ती पहिल्यापासून क्लॅरेन्सच्या हाताशी होती.

"नाही," क्लॅरेन्स म्हणाला. इतकं सरळ 'नाही' त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. "ज्याला रस्ता दिसतो त्याच्याच हातात ब्रेक. एकतीस वर्षं सिग्नलच्या लिव्हर ओढतोय मी. न बघता लिव्हर ओढत नाहीत."

"असं?" हिल्डा म्हणाली. "तुझ्या केबिनमधून तुला पुढच्या स्टेशनातली गाडी दिसते?"

क्लॅरेन्सने चष्मा सारखा केला.

"साडेचार मैलांवरची गाडी, मध्ये टेकडी. दिसते का?"

"नाही."

"मग कसं कळतं तुला?"

"तिकडचा माणूस घंटा देतो," क्लॅरेन्स हळू म्हणाला. "दोन ठोके, एक ठोका, तीन... त्यावरून."

"तो देतो आणि तू न बघता ओढतोस. एकतीस वर्षं. मग तू मला घंटा दे, मी ओढते."

होरेस माझ्या कानाशी पुटपुटला, "गेला टिपिंग." क्लॅरेन्सने हातातल्या कागदांची चळत टेबलावर आपटून सारखी केली. "उतारावर एक चाचणी," तो म्हणाला. "ती जमली तर. नाही जमली तर मास्तरांना सायकल."

"कबूल."

मार्चमधला पहिला कोरडा शनिवार. गावामागे स्टॅनर्स हिल नावाची टेकडी आहे, नकाशावर दोन बाणांची, खाली भिंतीला लागून एक वळण. मी आणि होरेस त्या वळणावर उभे होतो. होरेसने पिठाची आठ पोती आणून भिंतीशी रचली होती.

"पडायला मऊ," तो म्हणाला.

"अरे, हिल्डाने ऐकलं तर तुलाच त्यात घालेल."

"म्हणून तर ती वर असताना रचली."

ठरलं होतं ते असं: त्या ब्रेकची मूठ हिल्डाकडे, आणि क्लॅरेन्स ओरडेल 'एक' तर थोडा दाब, 'दोन' तर पूर्ण, 'सोड' तर सोड. वरच्या कुंपणाआडून पहिल्यांदा त्यांचा आवाज आला. "एक!" मग चाकाचा घुमल्यासारखा आवाज. "सोड!" मग ती दिसली, दोघंही पाठीत वाकलेली, हिल्डाचा निळा रुमाल ताठ मागे. मला वाटलं नव्हतं इतक्या वेगाने. "एक! सोड! एक!" वळण आलं, आणि क्लॅरेन्स ओरडला, "दोन!" हिल्डाने दाबलाच होता, चाकाचा आवाज बदलला होता, आम्ही ऐकला. पण त्याचा धीर सुटला. त्याने पुढचा ब्रेकही करकचून धरला. सायकल कुत्र्याने अंग झाडावं तशी झाडली गेली, मागचं चाक बाजूला सरकलं, होरेसने डोळे झाकले. मग चाक परत ओळीत आलं, पोत्यांपासून हातभर अंतरावरून ती दोघं गेली आणि खालच्या गोठ्यापाशी जाऊन थांबली.

आम्ही धावत गेलो. म्हणजे होरेस धावला, मी चाललो. क्लॅरेन्सचा चेहरा त्या पिठासारखा झाला होता. हिल्डा अजून सीटवरच होती, एक पाय जमिनीला लावून, गाल लाल.

"तू 'दोन' म्हणालास," ती त्याला सांगत होती. "मी दाबला. बरोबर होता का?"

"बरोबर होता," क्लॅरेन्स म्हणाला.

"वेळेवर?"

"वेळेवर."

"मग पुढचा कशाला धरलास? घंटा दिल्यावर तुमच्याकडे माणूस पुढच्या स्टेशनात पळत जाऊन दुसऱ्याची लिव्हर पण ओढतो का?"

क्लॅरेन्सने रुमाल काढून मान पुसली, चष्मा पुसला, परत घातला. "घसरलो असतो," तो म्हणाला. "माझ्यामुळे. तुझा ब्रेक पुरेसा होता आणि मी तुला पाडणार होतो." नंतर किती तरी दिवस तो हे वाक्य मला मधूनच सांगायचा, जणू मी तिथे नव्हतोच.

होरेस म्हणाला, "चला, कोणी पडलं नाही ना, मग चहा घेऊ."

"चहा नंतर," क्लॅरेन्स म्हणाला. त्याने सायकल वळवली. "हिल्डा, वळणावर मी माझे ब्रेक सोडून हँडलची वरची बाजू धरतो. बोटं तिथून पोचतच नाहीत. परत एकदा जाऊ."

"वर ढकलत न्यायला लागेल."

"लागेल."

"दोन बाण आहेत."

"माहीत आहे किती आहेत ते."

हिल्डा उतरली, चाचपडून मागचं हँडल धरलं आणि टेकडीकडे तोंड करून ढकलायला लागली. मी होरेसला म्हटलं, पोती उचल, ती खाली यायच्या आत. क्लॅरेन्सने जाता जाता मागे वळून मला हाक मारली, "एनोक, सोमवारी तू ईव्हशॅमला जाणार आहेस ना? मास्तरांना सांग, सायकल विकायची नाही. आणि माझ्याकडून माफी माग, त्यांना उगाच थांबवून ठेवलं."